पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर मृत्यू: निष्काळजीपणाची केस प्रत्यक्षात कशी तपासतात, कशी चालते

आधी प्रश्न थोडक्यात. वडिलांचं वय ५८, दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पोट दुखत असतानाच "गॅसेस आहेत, होईल कमी" म्हणून घरी सोडलं. दोन दिवसांनी डोळे पिवळे, उलट्या, परत त्याच हॉस्पिटलात ॲडमिट, तिथे आणखी दोन दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक, मग मोठ्या हॉस्पिटलला हलवलं तेव्हा कळलं की पित्तनलिकेला इजा झालीय आणि पोटात पित्त साचलंय. ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी वडील गेले. पोस्टमॉर्टेम केलं नाही. पहिलं हॉस्पिटल म्हणतंय ही माहीत असलेली कॉम्प्लिकेशन आहे, संमतीपत्रावर तुमचीच सही आहे, आणि राहिलेलं बिल सोडून देतो, या कागदावर सही करा. काका म्हणतात एफआयआर करा. या सगळ्याला चौदा महिने झालेत.

मी ग्राहक आयोगात बावीस वर्षं वकिली करतोय, बहुतेक वेळा पेशंटच्या बाजूने, पण पाच-सहा वेळा डॉक्टरांच्या बाजूनेही उभा राहिलोय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी फाईल कशी दिसते ते ठाऊक आहे. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाचा.

पहिल्यांदा न आवडणारी गोष्ट सांगतो. पित्तनलिकेला इजा झाली, एवढ्यावर तुमची केस उभी राहत नाही. सर्जरीची पुस्तकंच सांगतात की दुर्बिणीच्या या ऑपरेशनमध्ये हजारात साधारण तीन ते पाच जणांना ही इजा होते, आणि ती चांगल्या, अनुभवी सर्जनच्या हातूनही होते, कारण सुजलेल्या भागात नळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मुख्य पित्तनलिका ही पित्ताशयाची नळी वाटून जाते. म्हणजे हॉस्पिटल "कॉम्प्लिकेशन आहे" म्हणतंय ते खोटं नाही, अर्धं आहे. तुमची केस ऑपरेशन टेबलावर नाहीये, ती पुढच्या सहा दिवसांत आहे. दुखत असताना घरी का सोडलं, सोडायच्या आधी सोनोग्राफी केली का, लिव्हरच्या टेस्ट केल्या का, आणि पिवळे डोळे घेऊन माणूस परत आला तेव्हा ऑपरेशन केलेल्या सर्जनच्या डोक्यात पहिल्यांदा काय यायला हवं होतं. कॉम्प्लिकेशन होणं हा गुन्हा नाही, ती समोर दिसत असताना न ओळखणं आणि हातावर हात ठेवून बसणं, तिथे निष्काळजीपणाचा प्रश्न सुरू होतो.

कायद्याची फूटपट्टी काय? मूळ इंग्लंडमधलं, १९५७ चं बोलॅम प्रकरण. मानसिक रुग्णाला स्नायू सैल करायचं औषध न देता विजेचे झटके दिले, त्यात हाडं मोडली, आणि तिथे ठरलं की त्या शाखेतल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत डॉक्टरने वापरली असेल तर तो निष्काळजी नाही, दुसऱ्या गटाला ती पटत नसली तरी. आपल्या सुप्रीम कोर्टाने हीच पट्टी २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात उचलून धरली. त्याच्याही आधी १९६८ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी अपघात होऊन मांडीचं हाड मोडलेल्या आणि पुण्यात उपचारांदरम्यान दगावलेल्या तरुणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली होती: पेशंट हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो देताना काळजी. मी आजही प्रत्येक फाईल वाचताना हेच तीन प्रश्न कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. बोलॅमचं नाव काढलं की पेशंटकडची मंडळी घाबरतात पण त्यात एवढं घाबरण्यासारखं नाही, कारण पोट दुखणाऱ्या, पिवळ्या पडलेल्या पेशंटला दोन दिवस नुसतं सलाईन लावून ठेवायचं अशी कुठली विचारधारा सर्जरीत नाही, आणि असेल तर ती समोरच्याने पुस्तक काढून दाखवावी.

आता काकांचं एफआयआर. राग समजतो, पण मी तरी तुम्हाला तिकडे आधी जा म्हणणार नाही. जेकब मॅथ्यू निकालात कोर्टाने स्पष्ट केलं की फौजदारीसाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा लागतो, खाजगी तक्रारीला दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत जोडलेलं हवं, पोलिसांनीही आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घ्यायचं, आणि उठसूट अटक करायची नाही. म्हणजे तुम्ही पोलीस स्टेशनला अर्ज दिला की तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडच्या समितीकडे जातो, समिती दोन्हीकडचे कागद मागवते, आणि अहवाल यायला किती दिवस लागतील ते कुणाच्या हातात नसतं. अहवाल बऱ्याचदा दोन ओळींचा असतो, "निष्काळजीपणा आढळून येत नाही", का ते लिहिलेलंच नसतं. मग तोच अहवाल समोरचा वकील ग्राहक आयोगात फडकवतो. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, १ जुलै २०२४ पासून, त्यात नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड आहे, पण तुमच्या वडिलांचा मृत्यू कधीचा आहे त्यावर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४अ लागेल की नवं हे ठरतं. ऑपरेशन थिएटरमध्ये दारू पिऊन येणं, चुकीच्या पायावर ऑपरेशन करणं, शिक्षण एकाचं आणि ऑपरेशन भलतंच, असं काही असेल तर फौजदारी बाजू भक्कम असते. तुमच्या प्रकरणात आत्ता तरी तसं दिसत नाही.

मेडिकल कौन्सिल हा वेगळा दरवाजा आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबईला. तिथे पैसे मिळत नाहीत, ती लायसन्सचं बघते, ताकीद देते किंवा काही काळासाठी नाव रजिस्टरमधून काढते. मी क्लायंटला सांगतो की करायची तर करा पण पैशाच्या केसची मुदत तिच्यासाठी थांबत नाही. कौन्सिलचा निकाल येऊ दे मग बघू म्हणत बसलेली दोन कुटुंबं माझ्याकडे मुदत संपल्यावर आली होती, आणि त्यांना काय सांगायचं असतं हे फार वाईट काम आहे.

मुदतीचं तेवढं नीट ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही मृत्यूची तारीख धरू नका, ऑपरेशनची तारीख धरा, सोळा दिवसांसाठी वाद कशाला ओढवून घ्यायचा. उशीर माफ होऊ शकतो पण सबळ कारण लागतं, आणि कोर्टं त्यात फार उदार नाहीत. पित्ताशयाच्याच ऑपरेशनची एक केस आहे, नऊ वर्षांनी पोटात गॉज, म्हणजे ऑपरेशनमध्ये वापरायचं जाळीदार कापड, सापडला, पेशंटला मधली सगळी वर्षं दुखत होतं, तरी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तक्रार मुदतबाह्य ठरवली, म्हणाले दुखत होतं तर तपासून का घेतलं नाही. म्हणजे तुमच्या हातात आता दहा महिने आहेत, आणि खरं तर सहाच धरा, कारण तज्ज्ञाचं मत मिळवण्यात चार जातात.

कुठे दाखल करायची? जिल्हा ग्राहक आयोग. पूर्वी तुम्ही किती भरपाई मागता त्यावर आयोग ठरायचा, आता तुम्ही किती पैसे मोजले त्यावर ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे २ कोटीपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. तुमचं पहिल्या हॉस्पिटलचं बिल सव्वा लाखाचं आहे, म्हणजे भरपाई ४० लाख मागितली तरी जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फीसुद्धा शून्य. दुसरी सोय अशी की आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, हॉस्पिटलच्या गावाला खेटे घालायची गरज नाही. १९९५ ला सुप्रीम कोर्टाने व्ही. पी. शांता निकालात डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात बसवली म्हणून हे सगळं शक्य झालं. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात असं सरकारी हॉस्पिटल त्यात बसत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा हायकोर्टात रिट. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात १९६३ मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनवेळी पोटात टॉवेल राहिला आणि बाई दगावली, त्याची भरपाई दिवाणी दाव्यातूनच आली, सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ चा, वर्षं तुम्हीच मोजा.

आता खरं काम, कागद. पहिल्या हॉस्पिटलला आजच लेखी अर्ज द्या, हातोहात देऊन पोच घ्या आणि वर स्पीड पोस्टानेही पाठवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत इनडोअर पेपर, म्हणजे ॲडमिट असतानाची सगळी फाईल, द्यायचे असतात, आणि मुंबई हायकोर्टाने १९९६ लाच सांगून ठेवलंय की पेशंट किंवा नातेवाइकांना कागद नाकारता येणार नाहीत. ठेवायचे मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं, म्हणून घाई. आणि अर्जात "सर्व कागदपत्रे द्यावीत" एवढं लिहू नका, कारण मग डिस्चार्ज कार्ड आणि बिलाची झेरॉक्स हातात ठेवतात. नावं घालून मागा: ॲडमिशन पेपर, संमतीपत्रं, भूल द्यायच्या आधीची तपासणी, भुलीचा चार्ट, ऑपरेशन नोट, डॉक्टरांच्या रोजच्या नोट्स, नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद), इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं), ड्रेन म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढायची नळी ठेवली असेल तर त्यातून रोज किती आणि कोणत्या रंगाचं आलं त्याची नोंद, औषधांचा चार्ट, लॅबचे सगळे रिपोर्ट, सोनोग्राफीच्या प्लेट, आणि ऑपरेशनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग. दुर्बिणीच्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग पुष्कळ ठिकाणी होतं, ते आहे की नाही हे लेखी कळवा असं लिहा, नाही म्हणाले तरी ते उत्तर उपयोगाचं असतं.

ऑपरेशन नोटमध्ये काय बघायचं ते सांगतो. सर्जनला क्लिप मारायच्या आधी पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक धमनी, स्वच्छ दिसायला हव्यात, त्याला ते क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. ते दिसलं असं लिहिलंय का? भाग चिकटलेला होता असं लिहिलंय का? दिसत नव्हतं तर पोट उघडून करायचा विचार केला का? की प्रत्येक पेशंटला जी छापील चार ओळींची नोट लागते तीच तुमच्या वडिलांनाही लागलीय, फक्त नाव बदलून? मी एका फाईलमध्ये पुरुष पेशंटच्या नोटमध्ये "तिला" वाचलंय.

कागद कसे वाचायचे ते एका केसवरून सांगतो, गाव-नाव सोडून. गर्भाशय काढायचं ऑपरेशन, बाई चाळिशीतली, रात्रीत आतल्या आत रक्तस्राव होऊन पहाटे गेली. हॉस्पिटलचं म्हणणं, रात्री सगळं नॉर्मल होतं, पहाटे अचानक बिघडलं. डॉक्टरांची नोट होती, "रात्री ११.३०, पाहिले, स्थिर". ती नोट दोन ओळींच्या मधे दाबून बसवलेली, पण त्यावरून मी काही बोललो नाही, कारण घाईत कुणीही असं लिहितं आणि शाईवरून आरडाओरडा करणारे वकील आयोगासमोर हलके पडतात. टीपीआर चार्ट बघितला: रात्री १० ला नाडी ९२, १२ ला ११८, २ ला १३६. बीपी १२ नंतर लिहिलेलंच नाही. नर्सने लिहिलेलं, "डॉक्टरांना कळवले", वेळ नाही. मी नातेवाइकांना म्हटलं घरात जो काही कागद असेल तो पिशवीत भरून आणा, अगदी पार्किंगची पावतीसुद्धा. त्या पिशवीत मेडिकल दुकानाचं बिल निघालं, रात्री १ वाजून ५२ मिनिटं, त्यावर रक्तदाब धरून ठेवायची सलाईन आणि मोठ्या सुया. नवऱ्याला चिठ्ठी देऊन खाली पळवलं होतं, त्याला आठवतही नव्हतं. दुकानाचं बिल कॉम्प्युटरचं, ते हॉस्पिटलच्या फाईलमध्ये नव्हतं, त्यामुळे कुणाला त्याचा विसर पडला असेल तर तो त्यांचा प्रश्न. मग आम्ही लेखी प्रश्नावलीत एकच प्रश्न विचारला, की पेशंट पहाटेपर्यंत स्थिर होती तर १.५२ ला या वस्तू कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी मागवल्या. उत्तर आलं, "रेकॉर्डप्रमाणे". आयोगाने निकालात त्या उत्तरावर अख्खा परिच्छेद लिहिला. केस दाखल झाल्यापासून साडेपाच वर्षं लागली, पुढे अपिलात तडजोड झाली.

म्हणून तुम्हीही मेडिकलची बिलं, ॲम्ब्युलन्सची पावती, सर्जनला केलेले व्हॉट्सॲप मेसेज आणि कॉल लॉग सगळं काढा. डिस्चार्जनंतरच्या त्या दोन दिवसांत तुम्ही फोन केला होता का आणि तिकडून "पॅन-डी (ॲसिडिटीची गोळी) द्या, उद्या बघू" असं काही आलं होतं का, याला तुमच्या केसमध्ये सोन्याची किंमत आहे. मेसेजचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, फोन सांभाळून ठेवा, बदलायचा असेल तर थांबा. आणि तारीख-वेळेप्रमाणे एक तक्ता करा, एका बाजूला तुम्हाला आठवतंय ते, दुसऱ्या बाजूला कागदात काय आहे ते, दोन्ही जुळत नसेल तिथे पेन्सिलने खूण. स्वतःच्या आठवणीतही चुका निघतील, त्या आत्ता निघालेल्या बऱ्या.

पोस्टमॉर्टेम नाही ही कमतरता आहेच, खोटं सांगत नाही. पण तुमच्याकडे दुसरं हॉस्पिटल आहे. त्यांचा सीटी स्कॅन, ईआरसीपीचा (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनलिका तपासतात त्याचा) रिपोर्ट, पोटातून किती पित्त काढलं त्याची नोंद, कल्चर रिपोर्ट (कोणते जंतू वाढले त्याचा), ॲडमिट करतानाची त्यांची पहिली नोट आणि मृत्यूच्या कारणाचं फॉर्म ४ सर्टिफिकेट, हे सगळं मिळून पोस्टमॉर्टेमचं बरंचसं काम करतं. त्यांची पहिली नोट फार महत्त्वाची, कारण आलेला पेशंट कोणत्या अवस्थेत होता हे तिथे त्रयस्थ डॉक्टरने लिहिलेलं असतं. ते डॉक्टर तुमच्या बाजूने साक्ष देतील अशी आशा मात्र ठेवू नका, तोंडी "यांनी उशीर केला" म्हणणारे लेखी द्यायची वेळ आली की बाहेरगावी असतात.

तज्ज्ञाचं मत. प्रत्येक केसमध्ये ते लागतंच असं नाही, २०१० च्या किशन राव निकालात, जिथे मलेरियाच्या पेशंटला टायफॉईडचे उपचार दिले होते, सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय. टॉवेल पोटात राहिला तर तो निष्काळजीपणा सांगायला प्रोफेसर नको. पण तुमच्या केसमध्ये मी तज्ज्ञाशिवाय पुढे जाणार नाही. एमएस सर्जन हवा, शक्यतो पोटाच्या सर्जरीतला, आणि गावातला नको, तो देणारच नाही, संध्याकाळी त्याच मीटिंगला दोघं भेटतात. मी मेडिकल कॉलेजमधून रिटायर झालेले प्रोफेसर गाठतो, बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातले. त्यांना "निष्काळजीपणा झाला का?" असं विचारायचं नाही, ते ठरवायचं काम आयोगाचं. विचारायचं असं की, ऑपरेशननंतर ४८ तासांनी एवढी नाडी, एवढं दुखणं आणि पोट फुगलेलं असेल तर डिस्चार्जआधी कोणत्या तपासण्या अपेक्षित होत्या? कावीळ घेऊन परत आल्यावर किती तासांत सोनोग्राफी, किती तासांत वरच्या सेंटरला? आणि सगळ्यात अवघड प्रश्न, वेळेत ओळखलं असतं तर माणूस वाचण्याची शक्यता होती का?

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात, आणि केसेस तिथेच पडतात. चूक झाली हे सिद्ध केलं, पण चुकीमुळेच मृत्यू झाला हे नाही केलं, की संपलं. समोरचा वकील म्हणणार, वडिलांना डायबेटिस होता, हार्टचा त्रास होता, दुसऱ्या हॉस्पिटलात इन्फेक्शन झालं असेल. म्हणून जुने आजारही आपणच आधी सांगायचे, लपवायचे नाहीत. त्यांच्याकडून बाहेर आले तर आपलं बाकीचं खरंही खोटं वाटायला लागतं.

एक केस मी नाकारलेली सांगतो. तरुण मुलगा, गुडघ्याचं ऑपरेशन, चौथ्या दिवशी फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन गेला. आई-वडील समोर बसलेले, मला दोन तास फाईल वाचायला लागली आणि फाईल चोख होती. गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन वेळच्या वेळी दिलेलं, मोजे घातलेले, दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं, तिसऱ्या दिवशी पोटरी तपासल्याची नोंद, धाप लागल्यावर आठ मिनिटांत डॉक्टर हजर. मी म्हटलं यात केस नाही. वडील उठून गेले, म्हणाले तुम्हीपण त्यांचेच. नंतर त्यांनी दुसऱ्या वकिलाकडून केस केली आणि ती फेटाळली गेली, मला त्याचा काही आनंद झाला नाही.

संमतीपत्राचं म्हणाल तर त्याने घाबरू नका. "कॉम्प्लिकेशन होऊ शकते" यावर सही म्हणजे "ती झाल्यावर बघू नका" यावर सही नव्हे. उलट संमतीपत्र नीट वाचा, पित्तनलिकेच्या इजेचा त्यात उल्लेख आहे की कोरा छापील फॉर्म आहे? २००८ च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कशाला संमती देतोय ते पेशंटला पुरेसं कळलेलं हवं. तिथे तपासणीपुरती भूल दिलेली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं होतं. भरपाई किती मिळाली माहितीये? २५ हजार.

केस प्रत्यक्षात अशी चालते. आधी नोटीस, मग तक्रार, ऑनलाइनही करता येते. सगळे वारस अर्जदार करा, हॉस्पिटल, सर्जन, आणि त्यांचा विमा असेल तर कंपनी समोर. भूलतज्ज्ञाला उगाच ओढू नका, चार्टमध्ये काही नसेल तर. हॉस्पिटलला समोर ठेवलं की प्रत्येक डॉक्टरचं नाव घातलंच पाहिजे असं नाही, २००४ च्या सविता गर्ग निकालात हे आलंय. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, वाढवून १५, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने पक्कं केलं. मग तुमचं प्रत्युत्तर, पुराव्याचं शपथपत्र, त्यांचं शपथपत्र, उलटतपासणी बहुतेक लेखी प्रश्नावलीतून, मग लेखी युक्तिवाद, मग तोंडी. सिनेमातल्यासारखं काही नसतं, बहुतेक तारखांना तुम्ही तीन तास बाकड्यावर बसता आणि दोन मिनिटांत पुढची तारीख मिळते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचं लिहिलंय. माझ्याकडे तीन-चार वर्षांच्या आत संपलेली मेडिकल केस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. निकालानंतर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील, पैसे द्यायचा हुकूम ज्याच्यावर झालाय त्याला अपिलाआधी निम्मी रक्कम भरावी लागते.

भरपाईचा आकडा मागताना लोक कुणाल साहा केस डोक्यात धरून येतात. पत्नीचा मृत्यू १९९८ चा, सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१३ चा, सुमारे ६ कोटी आणि वर व्याज. पण ती अपवादातली केस आहे, उत्पन्न परदेशातलं, आणि नवरा स्वतः डॉक्टर, पंधरा वर्षं चिकाटीने लढला. तुमच्याकडे वडिलांची सॅलरी स्लिप किंवा आयटी रिटर्न, दोन्ही हॉस्पिटलची बिलं, कोण कोण त्यांच्यावर अवलंबून होतं, एवढ्यावर आकडा बसतो. ज्याची पावती नाही ते मागा, पण मिळेल असं धरू नका.

राहिलं ते बिल माफीचं. तो कागद मला वाचायला मिळाला नाहीये पण असे पन्नासेक वाचलेत, त्यात तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीत "उपचारांबाबत आमची कुठलीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही" असं असतंच. सही करू नका. राहिलेली रक्कम तुम्ही "हक्क राखून" असं पत्र देऊन भरू शकता किंवा थांबू शकता, ते वकिलाशी बोलून ठरवा. काकांना तेवढं सांगा की हॉस्पिटलात जाऊन आवाज चढवू नका, काचा तर लांबच. महाराष्ट्रात त्यासाठी २०१० चा वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई, आणि मग तुमच्या केसच्या आधी त्यांची केस बोर्डावर येते. कागद मागायचा अर्ज घेऊन तुम्ही एकटे जा, सकाळी, रिसेप्शनवर पोच घ्या, शिक्का आणि वेळ दोन्ही घालून.